एक टक्का बेशिस्त

१९६५ सालच्या फेब्रुवारीत जर्मनीतील श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात एक छोटेसे चित्रप्रदर्शन भरले. भरवणारे होते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक माक्स बेन्झे आणि चित्रे होती गेऑर्ग नेस यांची. नेस चित्रकार नव्हते. एर्लांगेन येथे सीमेन्स कंपनीत ते गणितज्ञ म्हणून नोकरी करत. तेथे कोनराड त्सूझ यांच्या कारखान्यात तयार झालेले ‘ग्राफोमाट’ नावाचे आरेखनयंत्र होते. मेजावर कागद पसरायचा आणि त्यावरून पेन धरलेला एक यांत्रिक हात आडवा-उभा सरकत जायचा. असली यंत्रे घेतली जात ती नकाशे आणि तांत्रिक आराखडे काढण्यासाठी. नेस यांनी त्याला वेगळेच काम दिले. एका लहान चौकोनी जागेत आठ बिंदू वाटेल तेथे टाक, ते रेषांनी जोड, मग शेजारच्या जागेत जाऊन पुन्हा तेच कर, अशा सूचना त्यांनी छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर लिहून यंत्राला भरवल्या. कागदभर आठ कोनांच्या आकृत्या उमटल्या. सगळ्यांचा नियम एक, पण कोणतीही दुसरीसारखी नाही.

संगणकाने काढलेल्या चित्रांचे जगातील हे पहिले प्रदर्शन मानले जाते. त्याच्या उद्‌घाटनाचा एक प्रसंग फ्रीडर नाके यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. नाके हे त्याच शहरातले तरुण गणिती आणि या कलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. श्टुटगार्टच्या कला अकादमीतील चित्रकार मंडळी प्रदर्शनाला आली होती आणि वातावरण तापले होते. एका चित्रकाराने नेस यांना विचारले, तुमचे यंत्र माझ्यासारखे चित्र काढू शकेल काय? माझ्या हाताची जी खास वळणे आहेत त्यांसह? नेस यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, काढेल, पण एका अटीवर. आपण चित्र कसे काढता ते आधी मला सांगावे लागेल.

चित्रकार मंडळी रागावून निघाली. त्यांची समजूत काढण्यासाठी बेन्झे यांनी मागून पुकारा केला की ही ‘कृत्रिम कला’ आहे, तुमची ती खरी. जर्मन भाषेत ‘कृत्रिम’ आणि ‘कला’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघतात, त्यामुळे हा मलमपट्टीचा शब्दही थोडा बोचराच होता.

नेस यांच्या उत्तरात उद्धटपणा होता असे मला वाटत नाही. गणितज्ञाने दिलेले ते सरळ उत्तर होते. पण त्या एका अटीत पुढच्या साठ वर्षांचे भांडण सामावलेले आहे. आपण कसे काढतो हे काढणाऱ्याला सांगता येते का? येत असेल तर मग हाताचे काय उरले? आणि येत नसेल तर जे सांगता येत नाही ते नेमके काय असते?

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत असेच दुसरे प्रदर्शन झाले. ते बेल प्रयोगशाळेतील मायकेल नोल आणि बेला युलेश या दोन संशोधकांचे. दोघेही चित्रकार नव्हते. नोल यांना आपल्या एका चित्राचा स्वामित्वहक्क नोंदवायचा होता, म्हणून त्यांनी अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’कडे अर्ज केला. तो फेटाळला गेला, कारण चित्र यंत्राने काढलेले होते. नोल यांनी कळवले की यंत्राला चालवणारा कार्यक्रम माणसाने, म्हणजे मी, लिहिला आहे. त्यावर पुन्हा नकार आला. चित्रात यादृच्छिकता आहे आणि जे योगायोगाने घडले त्याचा कर्ता कोण? नोल यांनी पुन्हा लिहिले की संगणकाचे ‘यादृच्छिक’ आकडेही गणिती सूत्रातूनच निघतात. ते बेशिस्त वाटतात एवढेच, आणि ते सूत्रही माणसाचेच असते. तेव्हा कुठे नोंदणी झाली. कार्यालयीन पत्रव्यवहारातून सौंदर्यशास्त्राचा इतका मूलभूत वाद क्वचितच झाला असेल.

नोल यांचा दुसरा एक प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी सांगितला जातो. डच चित्रकार पीट माँड्रियन यांचे १९१७ सालचे आडव्या-उभ्या छोट्या रेघांचे एक चित्र आहे. नोल यांनी संगणकाकडून तशाच रेघा काढून घेतल्या, फक्त त्यांची मांडणी यादृच्छिक ठेवली. मग दोन्ही चित्रांच्या नकला प्रयोगशाळेतील शंभर जणांना दाखवल्या. ५९ टक्के लोकांना संगणकाचे चित्र अधिक आवडले आणि यंत्राचे चित्र कोणते हे केवळ २८ टक्क्यांना ओळखता आले. यावरून ‘यंत्राने माँड्रियनला हरवले’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही. पण दाखवल्या होत्या त्या नकला. रंगाचा थर, कॅनव्हासचा आकार, प्रत्यक्ष चित्रासमोरची शांतता यांतले काहीच त्यांत नव्हते. खरी गोम दुसरीच आहे. माँड्रियन यांची मांडणी नीटनेटकी होती म्हणून लोकांना ती यंत्राची वाटली आणि संगणकाची विस्कळीत होती म्हणून ती माणसाची वाटली. म्हणजे पाहणाऱ्यांच्या मनात माणसाची खूण एकच होती, बेशिस्त. आणि नेमकी तीच यंत्राने पुरवली होती.

शिस्त आणि बेशिस्त यांचा हा हिशेब जिने आयुष्यभर मांडला ती कलावंत मात्र गणितज्ञ नव्हती. व्हेरा मोल्नार यांचा जन्म १९२४ साली बुडापेस्टचा. तिथल्याच कलाविद्यालयात रीतसर चित्रकला शिकून १९४७ साली त्या पॅरिसला आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. त्यांच्या बालपणीची एक गोष्ट त्यांनी सांगितली आहे. लहानपणी बालाटोन सरोवराकाठी त्या रोज संध्याकाळी सूर्यास्ताचे चित्र काढत. खडूंची पेटी होती. आकाशाला एक, पाण्याला एक, जमिनीला एक असे मोजके खडू ठरलेले. पण रोज तेच चित्र काय काढायचे? म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक खडूऐवजी पेटीतला त्याच्या शेजारचा खडू घ्यायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्याही शेजारचा. मावळतीचा खरा रंग काय आहे याच्याशी मुलीला कर्तव्य नव्हते. तिने एक नियम केला होता आणि तो नियम तिला रोज नवे चित्र देत होता.

पॅरिसमध्ये १९५९ पासून मोल्नार यांनी याच खेळाला पद्धतीचे रूप दिले आणि त्याला नाव दिले ‘काल्पनिक यंत्र’. संगणक मिळण्याची शक्यताच नव्हती, म्हणून आपणच संगणक व्हायचे. चौकोन, रेघ असे दोन-चार आकार घ्यायचे, त्यांच्या मांडणीचे नियम ठरवायचे आणि त्या नियमांतून निघणारी एकेक शक्यता हाताने काढत जायची. अट एवढीच की एखादी मांडणी आवडली नाही म्हणून ती गाळायची नाही. आपली आवड म्हणजे पुष्कळदा आपली सवय असते आणि सवयीपलीकडचे चित्र पाहायचे असेल तर सवयीला दाराबाहेर ठेवले पाहिजे, हा त्यामागचा विचार. नेस यांनी श्टुटगार्टच्या चित्रकाराला घातलेली अट मोल्नार यांनी सहा वर्षे आधीच, कुणी न सांगता, स्वतःला घालून घेतली होती.

१९६८ साली त्यांना पॅरिस विद्यापीठाचा खराखुरा संगणक वापरायला मिळाला. चाळिशी उलटलेल्या या बाई फॉर्ट्रान भाषा शिकल्या. सुरुवातीला पडदाही नव्हता. कार्डांवर सूचना टोचून द्यायच्या आणि चित्र कसे झाले ते प्लॉटरवरून कागद उतरेपर्यंत कळायचे नाही. कलेचे अमानुषीकरण चालवले आहे अशी टीकाही त्यांनी ऐकली. पण त्या काळातील त्यांची चित्रे पाहिली की यंत्राचा थंडपणा जाणवत नाही. एकात एक बसवलेल्या चौकोनांचे १९७४ सालचे ‘(अ)व्यवस्था’ या अर्थाचे शीर्षक असलेले काम घ्या. ओळीने मांडलेल्या या चौकोनांपैकी काहींचे कोपरे किंचित हलवले आहेत. किती हलवायचे हा आकडा त्या बदलत राहत. फार हलवले तर गोंगाट होतो आणि अजिबात नाही तर फरशी. ‘एक टक्का बेशिस्त’ हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग होता.

नेस यांनीही १९६८ च्या सुमारास हाच विषय एका चित्रात घेतला. ‘शोटर’ म्हणजे खडी. वरच्या ओळीत बारा चौकोन अगदी शिस्तीत उभे आहेत. अशा बावीस ओळी एकाखाली एक उतरतात आणि प्रत्येक ओळीत चौकोन थोडे जास्त कलतात, सरकतात. तळाशी तर खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखे. पाच मिनिटांत समजावून सांगता येईल असा नियम आहे, तरी चित्रासमोरून हलवत नाही.

याच वर्षांत मुंबईत एक चित्रकार संगणकाशिवाय असेच काहीतरी करत होता. अकबर पदमसी जे. जे. कलाविद्यालयातून बाहेर पडून १९५१ साली पॅरिसला गेले होते. १९६९ साली त्यांना नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. तिचा पैसा स्वतःच्या चित्रांवर खर्च करण्याऐवजी त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची एक कार्यशाळा काढली आणि चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांना एकत्र आणले. मणी कौल, कुमार शहानी तिथे येत. तेव्हा वयाने अगदी लहान असलेल्या नलिनी मालानी यांनी आपले सुरुवातीचे छायाचित्र-प्रयोग आणि लघुपट याच कार्यशाळेत केले. स्वतः पदमसींनी ‘सिझिजी’ नावाचा एक मूक, कृष्णधवल लघुपट केला. बिंदू आणि रेषांच्या भौमितिक रचनांची सुमारे हजार रेखाचित्रे हाताने काढून, राम मोहन यांच्या मदतीने ती चालती केली. पडद्यावर रेषा बिंदूंना गाठतात, छेदतात, नवे आकार बांधतात आणि मोडतात. गोष्ट नाही, संगीत नाही. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येण्याच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या स्थितीला खगोलशास्त्रात ‘सिझिजी’ म्हणतात. दिवाळीच्या दिवसांत हे नाव मुद्दाम सांगावेसे वाटले.

त्यांच्या दुसऱ्या लघुपटाचे नावही विज्ञानातले होते, ‘मेघकोष्ठातील घटना’. मेघकोष्ठ हे वाफेने भरलेले, विद्युतभारित कणांच्या वाटा डोळ्यांना दाखवणारे उपकरण. कण निघून गेलेला असतो, त्याच्या मागे धुक्याची रेघ राहते. या रंगीत लघुपटाची एकुलती एक प्रत पुढे प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. २०१६ साली दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींसोबत त्याच नावाचा चित्रपट केला, हरवलेल्या चित्रपटाची आठवण जागवणारा. मूळ घटना संपली आणि रेघ तेवढी मागे राहिली. पदमसी २०२० च्या जानेवारीत वारले. त्याआधी, सत्तरी ओलांडल्यावर, ते संगणकावरही चित्रे करू लागले होते.

आता थोडे दक्षिणेला जायला हवे, कारण नेस यांच्या अटीला भारतात मिळालेले एक उत्तर तिथे आहे. ते कलादालनात मिळालेले नाही, अंगणात मिळालेले आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी निगडित गिफ्ट सिरोमनी आणि रानी सिरोमनी या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता कोलम, म्हणजे तमिळ घरांच्या दारात रोज पहाटे घातली जाणारी रांगोळी, आणि तिचे व्याकरण. भाषेची वाक्ये जशी नियमांनी तयार होतात तशा कोलमच्या आकृती तयार होतात, हे त्यांनी संगणकशास्त्राच्या परिभाषेत मांडले. एक लहान आकृती घ्या, ठरावीक नियमाने तिच्या प्रत्येक भागाच्या जागी मोठा भाग ठेवा, असे करत गेले की तीच आकृती वाढत जाते. आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी ठिपके जोडते, कोलमची रेघ पुष्कळदा ठिपक्यांना वळसा घालून जाते, हा फरक आहेच. पण ‘अकरा ते सहा’ एवढे ऐकून ज्यांच्या डोळ्यांसमोर अख्खी रांगोळी उभी राहते त्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. ‘अकरा ते सहा’ हा कार्यक्रमच आहे. तो चालवणारे यंत्र कुडत्याच्या बाह्या सावरून अंगणात बसते.

तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. व्याकरण लिहिले ते प्राध्यापकांनी. कोलम घालणाऱ्या बायकांनी ते कधी लिहिले नव्हते, त्यांना त्याची गरजही नव्हती. तेव्हा ‘आपण कसे काढता ते सांगा’ या अटीचे उत्तर काढणाऱ्यानेच दिले पाहिजे असे नाही. बाहेरचा माणूसही निरीक्षणाने नियम शोधू शकतो. १९७४ साली हा विचार निरुपद्रवी होता.

आज तो तसा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत जी चित्रे-घडवणारी यंत्रे घरोघरी पोचली आहेत, त्यांनी नेस यांची अट उलटी केली आहे. तुम्ही कसे काढता ते सांगू नका, तुमची चित्रे तेवढी आमच्याकडे असू द्या, नियम आम्ही काढून घेऊ. आणि तो नियम नेस यांच्या कागदी पट्टीसारखा वाचता येत नाही. कोट्यवधी चित्रांवरून घोटलेल्या आकड्यांत तो विरघळलेला असतो, बनवणाऱ्यांनाही तो दाखवता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये तीन अमेरिकी चित्रकर्त्यांनी आपली चित्रे न विचारता वापरल्याबद्दल अशा कंपन्यांवर कॅलिफोर्नियात दावा लावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात निकाल दिला की माणसाचा कर्तेपणा नसेल तर चित्राला स्वामित्वहक्क नाही. २०२५ च्या मार्चमध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. नकार देणारे कार्यालय ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चेच, नोल यांचा अर्ज परत पाठवणारे. १९६५ साली अर्जदार पटवत होता की यंत्रामागे माणूस आहे. आताच्या अर्जदाराचे म्हणणे होते की माणूस नाहीच, यंत्रालाच कर्ता माना. कार्यालयाचे उत्तर साठ वर्षांत फारसे बदलले नाही, बदलली आहे ती मागणी.

नाके यांनी १९७१ सालीच ‘संगणककला नसावी’ असा लेख लिहिला होता. आपल्याच चित्रांच्या यशानंतर. यंत्राविषयी त्यांची तक्रार नव्हती, बाजाराविषयी होती. कलाव्यापाराला दरवर्षी नवी फॅशन लागते आणि तंत्रज्ञ ती पुरवतात, असे त्यांचे म्हणणे. मोल्नार यांना हा बाजार फार उशिरा भेटला. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९७६ साली लंडनमध्ये झाले, तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्या आल्या २०२२ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या पाचशे अंकीय कृती सदबीज या लिलावगृहामार्फत तासाभरात सुमारे बारा लाख डॉलरना गेल्या. त्याच वर्षी ७ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. शंभरी भरायला जेमतेम एक महिना कमी होता. नाके यांच्या लेखातला इशारा या आकड्यांसमोर ठेवून पाहावा असे वाटते, पण मला मोल्नार यांच्या पदरी पडलेले हे उशिराचे वैभव खुपत नाही.

त्यांच्या कामांपैकी मला सर्वांत जवळचे वाटते ते बाजाराच्या या गजबजीपासून दूरचे आहे, ‘माझ्या आईची पत्रे’. १९८० च्या दशकात त्या यावर काम करत होत्या आणि १९९५ साली त्यांनी त्याविषयी लिहिलेही. त्यांची आई बुडापेस्टला राहिली होती आणि दर आठवड्याला मुलीला पत्र पाठवत असे. आईचे अक्षर सुरेख होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हाब्सबुर्ग साम्राज्यातल्या सुशिक्षित घरच्या मुलींना जे टोकदार, ताठ वळण शिकवत तसे. पण प्रत्येक ओळ डावीकडे जितकी करारी सुरू होई तितकीच उजवीकडे जाता जाता अस्वस्थ, थरथरती होत जाई. वर्षे गेली तसे डावीकडचे ताठ वळण विरत गेले आणि अस्वस्थता पानभर पसरली. मजकूर वाचणे कठीण होत गेले, तरी पान पाहायला मोल्नार यांना आवडत राहिले. चित्रकार मुलीच्या डोळ्यांपुढे दर आठवड्याला येणारे ते एक चित्रच होते.

मग पत्रे यायची थांबली.

तेव्हा मोल्नार यांनी आईची पत्रे स्वतःच स्वतःला लिहायला घेतली, संगणकावर. ओळ सुरू होताना रेघांची उंची, कल, अंतर हे सारे बांधलेले ठेवायचे आणि ओळ पुढे सरकेल तशी त्यांना थोडी थोडी मोकळीक द्यायची. तंत्र तेच, चौकोनांचे कोपरे हलवण्याचे. बेशिस्तीचे प्रमाण डावीकडून उजवीकडे वाढवत न्यायचे. आई कशी लिहीत होती हे आईला सांगता आले नसते. मुलीला ते अर्धेमुर्धे सांगता आले, आकड्यांत.

कागदावर शब्द एकही नाही, नुसत्या वरखाली जाणाऱ्या रेघांच्या ओळी. त्या भाषेत ‘प्रिय व्हेरा’ कुठे येते आणि हवापाण्याची चौकशी कुठे, हे शोधून सापडणार नाही. आईचे अक्षर शेवटी शेवटी मुलीलाही नीट लागत नव्हते. हे तर कुणालाच लागायचे नाही. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाच्या दोन-चार रेघा मात्र अजून ताठ उभ्या आहेत.